सतरा चिठ्ठ्या, अठरा ओळी

इस्माईलभाई सोलकर यांची आणि माझी पहिली भेट कुवेतमधल्या अहमदी गावच्या तेल कंपनीच्या कचेरीत झाली, आणि ती काही फारशी गोड नव्हती. मुंबईच्या गोदीतली टॅली क्लार्कची नोकरी सोडून मी नुकताच कुवेतला उतरलो होतो. भाईंनी मला एक पत्र टाइप करायला दिले. मी ते झटपट करून त्यांच्यापुढे ठेवले आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी कागद हातात घेतला आणि आधी त्याचा तळ पाहिला. मग विचारले, सही कुठे आहे? पत्रावर सही साहेबांची असते, असे मी शहाणपणाने सांगितले. त्यावर त्यांनी मला कचेरीचा रिवाज समजावला. डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरे, उजव्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची. ही दोन्ही नसतील तर तो कागद त्यांच्या लेखी कोराच. मला पत्र पुन्हा टाइप करावे लागले, कारण रागाच्या भरात मी सही भलत्याच कोपऱ्यात केली होती.

भाईंना यंदा साठ वर्षे पुरी होत आहेत. लवकरच ते नोकरीतून मोकळे होऊन दापोलीकडच्या आपल्या गावी परततील. त्यानिमित्त कुवेतमधल्या आपल्या मंडळींनी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा संपादकांनी मला 'कॅनडाच्या पेटी'चा किस्सा जरा खुलवून लिहायला सांगितले. आपल्यापैकी बहुतेकांना तो ऐकून ठाऊक आहे. एवढे काटेकोर भाई, पण एकदा साहेबाच्या कागदात अशी चूक करून बसले की कॅनडातला पडलेला उमेदवार निवडून आला, असा तो किस्सा. ईदच्या जेवणाला, गणपतीच्या आरतीनंतर, कुठेही चार लोक जमले की कोणीतरी तो काढतो, आणि भाईही मिशीतल्या मिशीत हसतात. संपादकांची आज्ञा मी पाळतो आहे. फक्त किस्सा जसा घडला तसा लिहितो.

आधी भाईंच्या कामाची रीत सांगायला हवी. त्यांच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात उभे रोवलेले एक दाभण असे. कुठलीही यादी टाइप झाली की ज्या चिठ्ठ्यांवरून ती केली, त्या चिठ्ठ्या ते एकेक करून त्या दाभणात ओवत आणि ओवताना मोजत. चिठ्ठ्या आणि ओळी सारख्या निघाल्या तरच यादी पुढे जाई. एकदा व्हॉल्व्हच्या यादीत एक चिठ्ठी कमी पडली. भाईंनी अख्खे गोदाम पालथे घालायला लावले आणि ती अखेर चहाच्या कपाखाली चिकटलेली सापडली. आम्ही पोरे त्यांना मागे 'दाभणमियाँ' म्हणत असू. त्यांना ते माहीत होते.

आमचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, वॉरन साहेब. माणूस कॅनडाचा, बोलायला तुटक, कामाला वाघ, आणि चुकीला माफी नाही. माझ्या आधीच्या टायपिस्टाने एका निविदेत एक ओळ गाळली, त्याला त्यांनी महिन्याच्या आत बोटीत बसवले. अशा माणसाला एकच नाद होता. आपल्या जन्मगावच्या मतदारसंघातून प्रांताच्या विधिमंडळावर आजवर कोण कोण निवडून गेले, याचा इतिहास ते लिहीत होते. मतदारसंघाचे नाव मी इथे घेत नाही, कारण त्यातली माणसे हयात आहेत. गावाकडे राहणारी त्यांची बहीण जुनी वर्तमानपत्रे चाळून एकेका मतदान केंद्राची मते एकेका चिठ्ठीवर उतरवून पाठवी. साहेब ते सारे भाईंच्या स्वाधीन करीत, आणि भाई टायपिंग माझ्याकडे सोपवीत.

टाइप करता करता तो मतदारसंघ मला आमच्या आळीसारखा ओळखीचा झाला. रेल्वे आली तेव्हा तो शेजारच्या मतदारसंघातून कापून काढला, पुढे नाव बदलले, मग हद्द नदीपलीकडे सरकवली, तेव्हा अर्धे गाव एका आमदाराचे आणि अर्धे दुसऱ्याचे झाले. एकदा एक दुकानदार बिनविरोध निवडून आला, कारण दुसऱ्याचा अर्ज बर्फात अडकला. एक शाळामास्तरीण दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा आली. गव्हाचा भाव पडला की आमदार पडे, हे तर कुणालाही कळावे. बर्फ मी अजून पाहिलेला नाही, पण त्या गावात कुठल्या वस्तीचे मत कोणाला पडेल हे मी सांगू शकेन.

या इतिहासात साहेबांचा जीव एकाच निवडणुकीत अडकला होता. तीत त्यांचे वडील अकरा मतांनी हरले होते. हिमवादळात एका दूरच्या वस्तीवरून घसरगाडीने येणारी मतपेटी मोजलीच गेली नाही, असे वडील जन्मभर सांगत आले. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेले, अंथरुणाला खिळलेले. ज्यांनी त्यांना हरवले ते गृहस्थही त्याच गावात, दोन घरे टाकून राहत होते, आणि दोन्ही म्हाताऱ्यांत बोलणे नव्हते.

त्या हिवाळ्यात कुवेतमध्ये पहिल्या विधानसभेची निवडणूक होती. दुकानात, बसमध्ये, जिथे जावे तिथे उमेदवारांचीच चर्चा. साहेब, भाई आणि मी, तिघांपैकी एकालाही तिथे मत नव्हते. तरी आमच्या खोलीत दिवसभर मतांचीच मोजणी चाले.

चूक झाली ती मी केली. गोदीत मालाची यादी एका कागदावरून दुसऱ्यावर गेली की नव्या कागदाच्या माथ्यावर मागच्या मालाची बेरीज लिहायची पद्धत होती. शेजारी नाव लिहीत नसत, सगळ्यांना ते ठाऊकच असे. हाताला लागलेली सवय. साहेबांच्या वडिलांच्या निवडणुकीची पहिली तीन केंद्रे एका पानाच्या तळाशी आली आणि बाकीची पुढच्या पानावर. मी नव्या पानाच्या माथ्यावर त्या तिन्हींची बेरीज ठोकून दिली. बेरीज छोटीच, जेमतेम एका पेटीएवढी. ती तिन्ही केंद्रे वडिलांच्या बाजूची होती. साहेब घाई करत समोर उभे होते, म्हणून भाईंनी कधी नव्हे ते चिठ्ठ्या ओवायच्या आधी उजव्या कोपऱ्यात सही केली. डावा कोपरा मी रिकामाच ठेवला होता. काम खाजगी आहे, कशाला सही, अशी मी माझी समजूत घातली. खरे तर मला त्या साहेबांच्या कुठल्याच कागदावर आपले नाव नको होते.

बुधवारी दुपारी साहेबांनी यंत्रावर बेरीज केली आणि ते केबिनच्या बाहेर आले. त्यांचे डोळे भरून आले होते. माथ्यावरची ती बिननावाची ओळ म्हणजेच हरवलेली पेटी, बहिणीने नकळत ती चिठ्ठी शोधून पाठवली, असे त्यांनी धरले होते. वडील निवडून आले होते. त्यांनी आमचे हात हातात घेऊन दाबले. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी बारा वाजता ड्रायव्हर टपाल घेऊन जाणार होता. त्यात वडिलांना तार जाणार होती, आणि गावच्या वर्तमानपत्राला पत्र, की ही निवडणूक चोरलेली आहे.

गुरुवारी सकाळी भाई चिठ्ठ्या ओवायला बसले. सतरा झाल्या. त्यांनी त्या दाभणातून काढल्या आणि पुन्हा ओवल्या. पुन्हा सतरा. मग तक्त्यावर बोट ठेवून ओळी मोजल्या, त्या अठरा भरल्या, आणि बोट एका ओळीवर थांबले.

"दत्ता, ह्या ओळीला गावाचा नाव नाय," ते म्हणाले. "मग ही मतां दिली कोणी?"

ती ओळ माझीच होती. गोदीची पद्धत मी त्यांना कशीबशी सांगितली; पहिल्या तीन केंद्रांची मते दोनदा धरली गेली होती. घड्याळात पावणेअकरा झाले होते. मी त्यांना विनवू लागलो. माझे सहा महिने भरले नव्हते, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, साहेबांच्या हातात, रत्नागिरीला बायको बाळंतपणाच्या दिवसांत. चूक कळली तर पुढच्या बोटीत मी असणार, हे नक्की होते. त्यांचा चेहरा बदलेना, तेव्हा मी दुसरा मुद्दा काढला, आणि त्याची मला आजही लाज वाटते. म्हटले, भाई, एक म्हातारा सुखाने डोळे मिटेल, यात कोणाचे काय जाते?

"जो निवडून आला तो पण कोणाचा तरी बाप हाय ना?" भाई म्हणाले. "त्याला मरताना चोर ठरवायचा?"

भाईंनी कागद उचलला आणि सवयीप्रमाणे तळ पाहिला. रिकाम्या डाव्या कोपऱ्यावर त्यांची नजर थांबली, मग माझ्यावर आली. पेन माझ्या खिशात होते. मी खाली पाहत राहिलो. मग ते उठले, मला तिथेच बसायला सांगून केबिनमध्ये गेले. दार अर्धे उघडे होते.

आत सगळे शांतपणे चालले होते, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. भाईंनी चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर मांडल्या. साहेबांनी स्वतः दोनदा मोजल्या. अखेर साहेबांनी विचारले, हे टाइप कोणी केले? भाई म्हणाले, तपासले मी. साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा केला, आता आवाज चढवून. दहा पावले चाललो असतो तर दारात पोहोचलो असतो.

भाई त्यांना इंग्रजीत म्हणाले, "साहेब, या कागदावर एकच सही आहे आणि ती माझी आहे. हा बरोबर आहे असे मीच तुम्हाला सांगितले होते."

साहेबांनी तारेचा कागद फाडला. पत्रही फाडले. बारा वाजता ड्रायव्हर टपाल घेऊन गेला, त्यात कॅनडाचे काही नव्हते.

त्या वसंतात हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. ती भाईंनाच मिळणार हे कचेरीतली मांजरेही जाणत होती. पण साहेबांनी अहवालात 'न तपासता सही करतात' असे एक वाक्य लिहून ठेवले होते. जागा बाहेरच्या माणसाला गेली. दोन वर्षांनी तो सोडून गेला, तेव्हाही ते वाक्य तिथेच होते आणि माझा अहवाल स्वच्छ होता. आज त्या खुर्चीवर मी बसतो. भाई समोरच्या जुन्या टेबलाशी बसून माझ्याकडे कागद पाठवतात आणि थट्टेने मला 'मुदीर' म्हणतात. या थट्टेत एकदाही काटा नसतो. काटा असता तर मला सोसायला सोपे गेले असते.

चूक झाली त्याच वर्षी उन्हाळ्यात, फरवानियातल्या माझ्या खोलीत मी काविळीने पडलो. भाई फिंतासच्या आपल्या घरून दोन बस बदलून रोज संध्याकाळी यायचे आणि भाभींनी केलेली पेज डब्यातून आणायचे. एकदा मी विषय काढायचा प्रयत्न केला. त्यांनी, आधी पेज संपव, एवढेच सांगितले.

वॉरन साहेब पुढे वडिलांच्या आजारपणासाठी मायदेशी गेले ते परतले नाहीत. तिथून भाईंना त्यांचे एक पत्र आले. वडील गेले होते. जाण्याआधी साहेबांनी त्यांना सगळ्या चिठ्ठ्या मोजून दाखवल्या होत्या, पेटी हरवल्याचा कसलाच पुरावा नाही हे पटवले होते. म्हाताऱ्याने एक दिवस अन्न घेतले नाही, मग दोन घरे पलीकडे निरोप धाडला. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो जुना प्रतिस्पर्धी होता. पत्रासोबत छापलेल्या इतिहासाची प्रत होती. तिच्यात त्या निवडणुकीपुढे सतराच ओळी आहेत.

तर मंडळी, किस्सा असा आहे. ती चूक भाईंची नव्हती. ती माझी होती आणि मी ती दुसऱ्याच्या अंगावर पडू दिली. इतकी वर्षे तुम्ही हसलात तेव्हा मीही हसलो. भाईंनी ती जागा, तो मान, आणि आपले 'न चुकणारा माणूस' हे नाव माझ्यासाठी घालवले आणि उपकाराचा एक शब्द बोलले नाहीत. मी स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवतो, पण त्या दिवशी मी शिष्यासारखा वागलो नाही.

गेल्या शुक्रवारी हा लेख टाइप करून फिंतासला घेऊन गेलो. भाई ओसरीत दर्याकडे पाठ करून बसले आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. शेवटाला आल्यावर चष्मा काढून म्हणाले, "जुनी गोष्ट रं. कशाला छापतंस?"

मी म्हटले, छापणार. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग पेन मागितले, उजव्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरे घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"डावा कोपरा रिकामा हाय," ते म्हणाले.

इस्माईलभाईंच्या डोळ्यांना असेच तेज राहो, गुडघे त्यांना गावच्या मशिदीची चढण सुखाने चढू देवोत, भाभींच्या सोबतीने त्यांना शंभर पावसाळे पाहायला मिळोत, आणि नातवंडांचे कागदही ते तळापासून वर वाचोत, ही माझी प्रार्थना. त्यांनी सांगितले ते काम मी उशिरा केले आहे, पण केले आहे.

टाइप करणारा: द. पे.          तपासणारा: इ. सो.