कुणी विचारलंच नाही

आमच्या भोसरीच्या चाळीत आधी सुभेदारांचा आवाज यायचा, मागून सुभेदार. लहानथोर सगळ्यांना ते ‘जवान’ म्हणत. मलाही, माझ्या आईलाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मैदानावर पळवताना त्यांचं एकच सांगणं असे, “चूक झाली तर पुढं येऊन सांगायची. दडून बसतो तो जवान न्हाई.”

फौजेतून निवृत्त झाल्यावर ते एका परदेशी कंपनीच्या कंत्राटावर वाळवंटी मुलुखात गेले. तिथं लढाई पेटलेली होती आणि तेलाच्या टँकरांना पहारा द्यायला कंपनीनं स्वतःचीच बंदूकवाली माणसं ठेवली होती. “वॉचमनकीच हाय, बंदूक तेवढी मोठी,” असं हसत सांगून गेले.

वर्षाच्या आत परत आले. आवाज पार बसलेला. कुणी ‘सुभेदार’ म्हटलं की मान वळवायचे, “नुसतं काका म्हण.” पोरं मैदानावर वाट बघून थकली. काकू विचारून थकल्या.

एका दुपारी मी शिफ्ट संपवून आले, तर सुभेदार दारात उभे. “पोरी, चौकीवर सोड मला.” मी गाडीवर बसवून नेलं.

हवालदारासमोर ते ताठ उभे राहिले. “साहेब, माझ्या हातून गोळी सुटली. टँकरजवळ एक गाडी आली, थांबंना. मला वाटलं, बॉम्ब हाय. आत बाई होती, मांडीवर पोरगं. दोघंबी गेली. दुसऱ्या दिवशी कंपनीनं मला विमानात बसवलं.”

देशाचं नाव ऐकून हवालदारानं पेन खाली ठेवलं. “काका, हे आमच्या हद्दीत येत नाही हो. कंपनीला विचारा.”

“कंपनी म्हणती, विषय संपला. फौजेत एक गोळी सुटली तरी जाब द्यावा लागायचा. हितं मला कुणी विचारलंच न्हाई, साहेब.”

हवालदार भला होता. खुर्ची दिली, चहा मागवला. त्या चहानं सुभेदार आणखीच खजील झाले. कप हातात धरून फरशीकडे बघत राहिले. चहावर साय धरली.

पुढं चौकीत नवा साहेब आला, की इस्त्रीचा शर्ट घालून ते पुन्हा सांगायला जात. सगळ्यांनी मानानं बसवलं. लिहून कुणीच घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. शोकसभेत एक पुढारी म्हणाले, “काय सरळ माणूस! उभ्या जन्मात पोलीस चौकीची पायरी चढला नाही.” लोकांनी माना डोलावल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी मान खाली घातली.