हंसाच्या पिसांची स्लीपिंग बॅग

आमच्या मंदाला थंडी वाजते, आणि ती बर्फात झोपायला निघाली होती.

थंडी वाजते म्हणजे साधी नाही. दिवाळीच्या पणत्या अजून अंगणात असतात तेव्हाच हिचे मोजे निघतात. वैनगंगेवरून वारा सुटला की ती दोन स्वेटर घालून शाळेत शिकवायला जाते, आणि जानेवारीत माझ्याशी बोलते ती मफलरच्या आतून. (त्या महिन्यात आमचं भांडण होत नाही. मला अर्धं ऐकूच येत नाही.) अशा बाईने पन्नाशी गाठल्यावर एके संध्याकाळी वरणाला फोडणी देता देता जाहीर केलं, की शाळेतल्या मैत्रिणींसोबत ती उत्तराखंडात जाणार आहे. पहाडावर. तंबूत राहायला.

"मले एकदा बर्फ पाहाचा हाय," ती म्हणाली. "टीव्हीतला नाई. हातात घेऊन."

लग्नानंतर तिने धरलेला हा पहिलाच हट्ट. तोही तिने माझ्याकडे धरला नव्हता, मला फक्त कळवला होता! मी जलसंसाधन खात्यात उपयंत्री, म्हणजे धाकटा इंजिनिअर; मला तेव्हा सुटी मिळणार नव्हती. मग मी ठरवलं, आपण नाही तर निदान आपला अभ्यास तरी तिच्यासोबत जाईल. स्लीपिंग बॅग मी निवडणार.

आणि अभ्यास मी केला. ऑफिसात फायली उघड्या ठेवून केला. बॅगा दोन जातीच्या असतात. एक कृत्रिम धाग्याची, ती जड, पण ओली झाली तरी चालते. दुसरी डाऊनची, म्हणजे पाखराच्या छातीवरच्या मऊ पिसांची. ती हलकी आणि फार गरम, पण पाण्याची वैरी. मी डाऊन निवडलं. बर्फात पाणी कुठून येणार, असा माझा हिशेब होता. (खात्यात मी पाण्याचंच काम करतो.)

रोज जेवताना मी घरच्यांना शिकवत होतो.

"बॅगेवर दोन तापमानं लिहिली राह्यतात," मी सांगितलं. "एकात मानूस आरामात झोपते. दुसऱ्यात मानूस फक्त मरत नाई."

"मंग तुम्ही कोनतं पाहून राह्यले?" मंदाने विचारलं.

"आरामाचं. उणे दहा."

"तितकी थंडी तिथं राह्यतच नाई म्हनते आमचा ट्रेकचा लीडर."

"लीडरले काय समजते," मी म्हणालो. मी स्वतः देवीच्या यात्रेला मैहरपर्यंत गेलो होतो, त्यापलीकडे कधी नाही.

बॅग आली ती दुधीभोपळ्याएवढ्या थैलीत. आमची आई रामपायलीची, अठ्ठ्याहत्तरीची. तिने थैली हातात घेऊन वजन पाहिलं.

"वसंता, हे अंथरून हाय? याच्यात तं मांजर नाई झोपत."

मी दोरी सोडली. बॅग सळसळत बाहेर आली आणि आमच्या डोळ्यांदेखत फुगायला लागली. आई दोन पावलं मागे सरकली. मंदा आत शिरली, चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि काही वेळाने तिने मफलर काढून बाहेर टाकला. भर डिसेंबरात! माझ्या आयुष्यात इतका मोठा विजय मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात आईला शिवणीतून डोकावणारं एक बारीक पांढरं पीस दिसलं.

"हे कोनाचं?"

ते होतं गूज नावाच्या विलायती पाखराचं. गूजला मराठीत काय म्हणतात ते मला ऐन वेळी आठवेना. बदक म्हणावं तर आई अंड्याचा केकही खात नाही. मी सगळ्यात सभ्य शब्द शोधला.

"हंसाचं," मी म्हणालो.

आईने आधी हात जोडले. मग कपाळाला लावले. मग माझ्याकडे पाहिलं.

"सरस्वतीच्या वाहनाचे पिसं उपटून आनले तुम्ही? अन् मास्तरीन असून ही त्याच्यात पाय घालून झोपन?"

"उपटले नाई, आई. तो आपनच गाळते."

"कोनाले सांगून गाळते?"

मंदाला बाहेर काढून मी बॅग थैलीत कोंबायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर बॅग तुळशीजवळ पडलेली. आई शांत होती. तिने देवघरातलं वैनगंगेचं पाणी आणून बॅग शुद्ध केली होती. वरून शिंपडलं तर कापड पाणी आत घेईना, थेंब घरंगळून जात. म्हणून तिने बॅगेचं तोंड उघडून तांब्या आत ओतला. मग बादली.

"आता काई दोष नाई," ती म्हणाली. "जाऊ दे तिले खुशाल."

मी बॅग उचलली. ओल्या पोत्यासारखी लोंबली. मंदा शाळेत असताना गच्चीवर उन्हात वाळवली तेव्हा तिची पार पोळी झाली होती, आणि हात फिरवला की आत सुपाऱ्यांसारख्या गुठळ्या लागत होत्या. मंदाची गाडी गोंदियाहून तीन दिवसांनी होती. तिला अजून काही माहीत नव्हतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बॅगेसोबत आलेला सूचनांचा कागद वाचला असता. मी विचार केला: आपल्या रजईत गुठळ्या झाल्या की आपण काय करतो? पिंजून घेतो.

बाजारातला रजईवाला माझ्या ओळखीचा. त्याच्या दुकानात रुई, म्हणजे कापूस, पिंजायचं मशीन आहे, आणि दुकानाला दार नाही, नुसतं शटर. त्याने बॅगेची एक शिवण उसवली आणि गुठळी चिमटीत धरली.

"ये कौन सी रुई है, साहब?"

"विदेशी है," मी म्हणालो.

"तभी. अपनी रुई इतनी नरम नहीं होती," तो कौतुकाने म्हणाला, सगळा माल मशीनच्या तोंडात भरला, आणि बटण दाबलं.

मशीनने क्षणभर विचार केला. मग त्याच्या मागून एक पांढरा ढग निघाला, छताला लागला, वळला, आणि शटरमधून सरळ रस्त्यावर गेला.

रुई खाली बसते. डाऊन बसत नाही! ते तरंगतं. ते जिलेबीवाल्याच्या पाकात गेलं, चहावाल्याच्या पातेल्यात गेलं, न्हाव्याकडे फेस लावून बसलेल्या एका सज्जनाला पांढरी दाढी देऊन गेलं. वारासिवनीची बस थांबली आणि लोक खिडकीतून मोबाईल बाहेर काढायला लागले. कोणीतरी म्हणालं, "अरे, ये तो शिमला हो गया." रजईवाला "मशीन बंद, मशीन बंद" असं स्वतःलाच सांगत बटण शोधत होता. मी दोन्ही हातांनी हवेतली पिसं पकडत होतो. एका वेळी तीन सापडायची.

अशा वेळी स्कूटीवरून मंदा आली. ती शेजारच्या दुकानात जाडे मोजे घ्यायला आली होती. तिने गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि वर पाहिलं. पांढरे कण तिच्या केसांवर, खांद्यांवर उतरत होते. तिने तळहात पुढे केला. त्यावर एक पीस येऊन बसलं. मग तिला मी दिसलो.

"ही माह्यी बॅग हाय का?"

"हौ."

"किती उरली?"

"पायापुरती असन."

मला वाटलं, आता संपलं. पण तिने ओठ दाबले, तोंडावर मफलर ओढला, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडते की हसते ते मला कळेना. हसत होती. हसता हसता तिला स्कूटी स्टँडवर लावावी लागली.

मग शटर पाडून आम्ही आतलं डाऊन खाली बसायची वाट पाहिली. ते गोळा करून घरी आणलं आणि मच्छरदाणी लावून तिच्यात आम्ही तिघं बसलो. पंखा बंद, बोलणं बंद, आईला शिंक आली की सगळं पुन्हा सुरू. मी पिसं बॅगेच्या कप्प्यांत कोंबत होतो, मंदा कप्प्याचं तोंड धरत होती आणि आई सुईने शिवत होती.

"पायाकडं जास्त भर, वसंता," आई म्हणाली. "पोरीचे पाय लवकर गार पडते." थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "मी पानी जरा जास्तच टाकलं का रे?"

"नाई आई," मंदा म्हणाली. "तुमचं बरोबरच होतं. मशीनची अक्कल यांची होती."

उरलेल्या कप्प्यांत रजईवाल्याने चांगली देशी रुई भरून दिली. त्यामुळे दुधीभोपळ्याएवढी बॅग तांदळाच्या पोत्याएवढी झाली, आणि मंदा ती पाठीला बांधून गेली.

पहाडावरून तिचा फोन आला. बर्फ हातात घेतला होता. खूप वेळ ती बर्फाबद्दलच बोलत होती. शेवटी राहवेना.

"अन् बॅग?"

"भलती गरम हाय," ती म्हणाली. "झोप तं अशी लागली."

मी ऑफिसात हे सगळ्यांना सांगितलं. देशी आणि विदेशी भराव एकत्र केल्याचे फायदे मी दोघांना कागदावर काढून दाखवले.

ती परत आल्यावर तिची मैत्रीण चहाला आली, आणि तिने सहज सगळं सांगून टाकलं. बॅगा तिथं कॅम्पवरच मिळत होत्या, आणि मंदाही त्यातल्याच एकीत झोपली होती. लीडर आमची बॅग पाहून म्हणाला होता, ही इथंच सोडून द्या, परतताना कशाला ओझं. मंदाने ऐकलं नाही. "घरी मानूस वाट पाहून राह्यला," म्हणाली, आणि बॅग पाठीवर घेऊन सगळा पहाड उतरली.

"मंग आपल्या बॅगेत कोन झोपलं?" मी विचारलं.

मंदा कपबशा उचलून आत गेली.

"कॅम्पचं कुत्रं," मैत्रीण म्हणाली. "सकाळी बाहेरच निघत नव्हतं, भाऊजी. बिस्किट दाखवून काढावं लागे."

म्हणजे अभ्यास चुकला नव्हता. उणे तापमानात झोपणारा आरामात होता. पहाडावर जाणारं कोणी भेटलं की मी अजूनही बॅगेबद्दल सल्ला देतो आणि हा अनुभव पुरावा म्हणून सांगतो. फक्त झोपणाऱ्याचं नाव विचारलं, की घरातलंच कोणी होतं असं म्हणून विषय बदलतो.