मामांचे खिळे आणि स्क्रू

देवाने काळजी वाटायला काढली तेव्हा आमचे प्रभादेवीचे मामा रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे असणार, आणि मिळाली तेवढी पुरेल की नाही या काळजीने पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले असणार. कुलूप लावून गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं आणि ते ओढून बघायला परत यायचं, हा त्यांचा रोजचा व्यायाम. आमच्या सातव्या मजल्यावरच्या घरी येताना ते लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. दोर तुटला तर? पण मामींनी दिलेली घावनांची पिशवी मात्र लिफ्टने पाठवतात, आणि मग त्या पिशवीची काळजी करत सात मजले धापा टाकत चढतात. पोचल्यावर पाणी मागायच्या आधी विचारतात, "पिशवी आली ना रे वर?"

यात त्यांच्या नोकरीचाही दोष आहे. मामा गिरणीत फिटर होते. दुसऱ्यांनी आवळलेलं पुन्हा आवळण्यात उमेदीची वर्षं गेली. "ढिली होत नाही अशी वस्तू मी अजून बघितली नाही," असं ते सांगतात, तेही आपण बसलेल्या खुर्चीकडे बघत.

मागच्या दिवाळीत मात्र काळजी करण्यासारखं खरंच काही घडलं. मामींचा उजवा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता, आता डावाही चालला. "किती दिवस दिसेल सांगता येत नाही, बघायचं ते बघून घ्या," असं डॉक्टर म्हणाले. मामींना काशी-रामेश्वर काही बघायचं नव्हतं. खोलीबाहेरच्या ओट्यावर बसून गल्ली बघायची होती: कोळीण, शाळेतून येणारी पोरं, समोरच्या बाईंचं भांडण. पण ओटा कमरेइतका उंच, कडेला आधार नाही, आणि एकदा त्यांचा पाय तिथून निसटलेलाही होता. मामांनी जाहीर केलं, "आधी कुंपण. मग ओटा." तोवर मामींनी आत बसायचं.

गवंड्याने दोन दिवसांत खांब रोवून आडवे वासे बसवून दिले. त्यांवर उभ्या लाकडी पट्ट्या तेवढ्या ठोकायच्या होत्या. ते काम मामांनी स्वतःकडे घेतलं, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. खिळे मारायचे की स्क्रू? खिळा मारताना पट्टी चिरते, पावसात लाकूड फुगलं की खिळा उचकटतो, आणि टोक आतून बाहेर आलं तर नेमकं मामींच्या हाताला लागणार. मग स्क्रू? समुद्र एवढा जवळ, खारी हवा त्यांना दोन वर्षांत खाणार. पितळेचे घ्यावेत तर भुरटे चोर काढून नेणार, आणि मामी निर्धास्तपणे टेकणार त्या रिकाम्या भोकांच्या पट्टीला! मामांनी दोन नमुने केले, एक खिळ्यांचा, एक स्क्रूंचा. मिठाच्या पाण्यात भिजवले, उन्हात वाळवले, दोन्हींना तांदळाची पिशवी टांगली. शेवटी मला बोलावलं. "टेक. सगळा भार टाक," म्हणाले, आणि मी टेकल्यावर मागून माझा सदरा दोन्ही मुठींत घट्ट धरून राहिले. त्यामुळे त्या परीक्षेचा निकाल काही लागला नाही.

पौष गेला, माघ गेला. मी गेलो की मामी माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ येऊन बघायच्या, आणि दर वेळी आणखी थोड्या जवळ येत. मला धास्ती वाटायला लागली. मामींनी एकदा ऐकवलंच, "खिळे मारा नायतर स्क्रू मारा, माका भायर बसूक व्हया!" मामा म्हणाले, "घाई नको गो."

होळीनंतर मामांनी मला लोहार चाळीत नेलं, आठव्या जातीचे स्क्रू बघायला. परत आलो तर दार उघडं, खोली रिकामी. मामांच्या हातातली पुडी पडली. मामी ओट्यावर होत्या. अगदी कडेला, फरशीवर बसून सरकत सरकत, त्यांनी सगळ्या पट्ट्या वाशांना बांधून काढल्या होत्या. गावाहून आलेल्या नारळांच्या पोत्याला गुंडाळलेलं काथ्याचं सुंभ होतं, ते त्यांनी सोडवून घेतलं होतं. शेवटची गाठ मारताना त्या बघतसुद्धा नव्हत्या.

"आमच्या गावाक वईक कोणी कधी खिळो मारूक नाय," त्या म्हणाल्या. वई म्हणजे त्यांच्याकडचं परसाचं कुंपण. ते दरवर्षी घरच्या बायकाच बांधायच्या.

मामांनी एकेक पट्टी धरून ओढली. एकही हलली नाही. मग ते तिथेच उकिडवे बसले आणि माझ्यासमोर रडले. "पाच महिने कोंडून ठेवलं रे मी तिला," म्हणाले, "पडेल म्हणून. डोळा थांबणार होता काय माझ्या स्क्रूसाठी?"

त्यानंतर मामी रोज तिथे बसल्या. चैत्र-वैशाखभर त्यांनी गल्ली पोटभर बघितली, कोणाचं लग्न ठरलं आणि कोणाची सून फुगून बसली ते मला फोनवर कळवलं. पुढे फोनवर बघितलेलं कमी आणि ऐकलेलं जास्त येऊ लागलं.

परवा गेलो होतो. मामा आणि मामी ओट्यावर बसले होते, मी चहा पीत दारात उभा. चार वाजले असतील, समोर पोरं क्रिकेट खेळत होती. मामी एकदम म्हणाल्या, "आज बेगीन काळोख पडलो काय ओ?"

साधा पंखा बंद केला का विचारलं तरी जाऊन बघून आल्याशिवाय हो न म्हणणारा हा माणूस. क्षणही न घालवता म्हणाला, "होय, पडलो."

"मगे दिवो लावा."

मामा उठले आणि त्यांनी ओट्यावरचा दिवा लावला.