केळ्याच्या जागी वांगं

शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरून मिना राठोड रोज चालत शाळेत यायची. आठवीत चित्रकलेचा तास सुरू झाला आणि तिला आपली जागा सापडली. गणितात खाली मान घालून बसणारी ही पोरगी चित्रकलेच्या तासाला पहिल्या बाकावर!

शिकवायला होते उत्तमराव बोंढारे सर. उंच, हडकुळे, आणि शर्टाच्या डाव्या बाहीवर कायम कुठला तरी रंग. पोस्टर कलरमध्ये मिनाचा हात पहिल्याच दिवशी बसला. दाट, सपाट रंग, एकाला एक चिकटलेले. तिची आई, निर्मलाबाई, तांड्यातली नावाजलेली भरतकाम करणारी. आरसे, कवड्या, टाके. कापडावर बोटभर जागासुद्धा मोकळी राहायची नाही. मिना ते बघतच मोठी झालेली. रिकामी जागा दिसली की तिचे हात शिवशिवायचे.

जलरंग आले आणि घोटाळा झाला. ती रंगावर रंग घाली, ब्रशने घोटत राही, शेवटी कागदाचा चोथा निघे. सर तिचा कागद खिडकीशी धरून म्हणाले, "मिना, हे आभाळ हाय का भिजलेलं पोतं?"

वर्ग खदखदून हसला. मिनासुद्धा हसली, पण घरी येऊन आईजवळ कुरकुरली, "याडी, सर म्हणतेत पांढरा रंग वापरायचाच न्हाई. कागद सोडून द्यायचा. सोडायचा म्हणजे काय करायचं?"

निर्मलाबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "काही न्हाई करायचं. हात मांडीखाली धरून बस."

मिनाने ते खरंच केलं. एक पट्टा मारायचा की हात मांडीखाली घ्यायचे आणि रंग वाळेपर्यंत बघत बसायचं. ओल्या कागदावर निळा रंग आपोआप पसरतो, कडेला पातळ होतो, हे तिला तसं बसल्यावरच दिसलं. वर्षभरात तिचं आभाळ आभाळासारखं दिसू लागलं. एक खोड मात्र सुटली नाही, ती पिवळ्याची. पिवळा तिचा जीव की प्राण. तो एकदा हातात आला की थांबणं नाही.

नववीत तिने चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा फॉर्म भरला, तेव्हा सरांनी तिला बाजूला घेतलं. "सगळ्यांला मी सांगतो, उजळ रंग आधी, गडद मागून. तुला उलटं सांगतो. पिवळी वस्तू दिसली तर तिला शेवटी हात लाव. आधी लावलास तर बाकीचं चित्र विसरशील."

परीक्षेचं केंद्र औंढ्याला होतं. साल अठ्ठ्याण्णव, जिल्हा अजून परभणीच. टेबलावर स्थिरचित्राची मांडणी केलेली: पितळी तांब्या, निळी चादर, दोन कांदे आणि पिवळ्याधमक केळ्यांचा घड. मिनाने घड बघितला, पेन्सिलीने नुसता रेखला आणि रंगाला चादरीपासून सुरुवात केली. आजूबाजूची पोरं शिकवल्याप्रमाणे आधी केळी रंगवून मोकळी झाली.

तासाभराने खिडकीतून एक वानर आत आलं. अगदी सावकाश, घरच्यासारखं. टेबलावर बसलं, घड काखेत मारला आणि आल्या वाटेने गेलं. पर्यवेक्षकबाई खडू घेऊन धावल्या, पण वानर तोवर कौलांवर बसून केळं सोलत होतं.

वर्गात हसू आणि रडू एकदमच फुटलं. बाईंनी शिपायाला पिटाळलं. तो धापा टाकत आला, हातात बाजारच्या पिशवीतलं एक टपोरं वांगं. "केळी कुठंच न्हाईत बाई. घरी न्यायाला घेतलेलं हे वांगं हाय. चालतं का?"

"चालवा!" बाई म्हणाल्या. "आता केळ्याच्या जागी वांगं काढा. अर्धा तास वाढवून देते."

पिवळ्यावर जांभळा चढवला की काय होतं, ते त्या दिवशी पन्नास पोरांना एकदमच कळलं. खोलीभर मातकट, तपकिरी वांगी पिकली. कुणी नवा कागद मागून पहिल्यापासून सुरू केलं, कुणी ब्रश चावत बसलं. मिनाच्या कागदावर तेवढी जागा कोरी होती. तिने केळ्यांच्या पेन्सिलरेषा खोडल्या, वांग्याचा आकार ओढला, आतून पाणी फिरवलं आणि जांभळ्याचा एक थेंब सोडला. रंग गोल पसरत गेला. वरच्या अंगाला उजेडाची फट तिने तशीच राखली आणि हात मांडीखाली घेतले.

निकालात तिला ए ग्रेड मिळाला, शाळेतून एकटीला. सर पेढे घेऊन तांड्यावर आले. मिनाचे वडील प्रेमदास म्हणाले, "सर, चित्र काढून पोट भरतं व्हय?"

"शिकवून भरतं. माझं बघा की."

प्रेमदासांनी सरांच्या हडकुळ्या अंगाकडे बघितलं. "तुमचं भरल्यावानी दिसत न्हाई," ते म्हणाले, आणि निर्मलाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पण बारावीनंतर प्रेमदासच पोरीची पेटी डोक्यावर घेऊन एस.टी.त बसले आणि तिला नांदेडला चित्रकला शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला सोडून आले.

दोन हजार चार साली मिनाबाई वारंगा फाट्याजवळच्या एका शाळेत लागल्या. पहिल्या महिन्यात त्यांनी पाचवीच्या वर्गाला मेणाच्या खडूने चित्र काढायला लावलं आणि वरून पातळ निळा फिरवायला सांगितला. मेणावरून पाणी पळालं, खडूच्या रेघा जशाच्या तशा उमटल्या. "बाई, पळालं! पळालं!" असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले.

"काय झालं? साप निघाला का?"

"न्हाई सर," मिनाबाई म्हणाल्या, "मेण आणि पाण्याचं भांडण लागलंय. बसा, तुमालाबी एक कागद देते."

मास्तर तास संपेपर्यंत उठले नाहीत.