मुलाखतीत मी उठून उभी राहिले

मैत्रिणींनो, आज माझा लई जळफळाट झालाय. खोटं कशाला बोलू?

माझ्या धाकट्या जावेला, सीमाला, घरबसल्या फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी लागली. मला न्हाय. मुलाखत आम्हा दोघींचीही मोबाईलवर एआयनंच घेतली.

एक मान्य करते. लेकरं किती, नवरा काय करतो, हे त्यानं विचारलं नाही. माणसं आधी तेवढंच विचारतात.

पण तुळजापुरात लॉजच्या काउंटरवर मी सहा वर्षं काढलीत. भाविकांशी मराठी, हिंदी, कन्नड, तिन्ही बोलते. सीमा एक दिवस कुठं कामाला गेलेली नाही. "मान खाली घालू नको, कॅमेऱ्यात बघ," हेसुद्धा तिला मीच शिकवलं! तिनं गच्चीवर एकटीनं बसून मुलाखत दिली.

मी माझ्या मुलाखतीला खाली बैठकीच्या खोलीत बसले होते. मधेच सासरे आत आले. मी डोक्यावर पदर घेतला, उठून उभी राहिले, आवाज आपोआप खाली गेला.

आज सकाळी निकाल आला. माझ्या नावापुढं लिहिलंय, आत्मविश्वास कमी. समोर माणूस असता तर सासरे आलेत एवढं तरी त्याला कळलं असतं.

दुपारी सीमा पेढे घेऊन आली. "अक्का, तुमच्यामुळंच जमलं." पेढा मी तसाच ताटलीत ठेवला.

तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, "थोरले, धाकटीला जमलं, मग तुला का गं न्हाय जमलं?"

तेव्हाही मी पदर घेऊन उभीच होते. सांगा, काय उत्तर देऊ त्यांना?