मिटणारा चाकू

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीसुद्धा केलेली नाही. वडील अंगठा देत, थोरला भाऊही अंगठाच देतो. अशा घरातल्या मुलाने कॉलेजची दोन वर्षे होताच आपल्या आठवणी लिहाव्यात हा आगाऊपणा आहे, हे मला कळते. शिवाय यात शौर्य नाही. शिकारीची हकिकत म्हणून कोणी हे वाचायला घेतले तर त्याची निराशा होईल. त्या शिकारीत मी बांधावर उभा होतो. पण शिकारीसाठी चाकू निवडायचे काम माझ्याकडे आले होते. ते मी कसे केले, हे अजून मी कोणाला सांगितलेले नाही.

आमचे गाव अंथुर्णे. कालव्याचे पाणी आल्यापासून ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाने रानडुकरेही वाढली. दिवसभर ती उसात पडून राहत आणि ज्वारी दाण्यावर आली की तिची नासाडी करत. गुऱ्हाळे सुरू झाल्यावर ऊस तुटत जातो, शेवटी एखादाच फड उरतो, आणि आजूबाजूची सगळी डुकरे त्यात जमतात. मग गावातली आठ-दहा माणसे कुत्री घेऊन निघत. फडाच्या एका अंगाला जाळे लावत आणि दुसऱ्या अंगाने हाकारा करत. जाळ्यात अडकलेल्या डुकराजवळ जाऊन सुऱ्याने त्याला संपवायचे काम दादाचे असे. वडील गेल्यापासून नांगर दादाच्याच हातात होता, म्हशींची धारही तोच काढी. माझे कॉलेजही त्याच हातावर चालले होते.

दादाचा सुरा सदा कमरेला असे. दावे तोडायचे, उसाचे कांडे सोलायचे, पायातला काटा काढायचा, न्याहारीला कांदा चिरायचा, सगळे त्यानेच. मला त्या सुऱ्याची भीती वाटे. एकदा खळ्यावर दादा वाकला, म्यान सैल झालेले होते, सुरा निसटला आणि वहिनीच्या पावलाशेजारी मातीत उभा रुतला. तिच्या मांडीवर तान्ही पोर होती. वहिनी दादाला चार शब्द बोलली आणि पुन्हा धान्य पाखडायला लागली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही. पुढे बैल धुताना तो सुरा कालव्यात पडला आणि सापडला नाही, तेव्हा दादा हळहळला आणि मला मनातून बरे वाटले.

नाताळच्या सुट्टीत मी घरी आलो तर दादा म्हणाला, "कमरंला काय न्हाय म्हंजे नागडं हिंडल्यासारखं वाटतंय बघ. बाजाराला चल माज्यासंगं. तू शिकलेला हाईस, तूच निवड."

बारामतीच्या बाजाराच्या कडेला घिसाड्यांची पाले पडली होती. घिसाडी सांडशीत लाल लोखंड धरून बसला होता आणि त्याची बायको पदर खोचून घण घालत होती.

"काय पायजे, पाटील?" तिने घण खाली ठेवून विचारले.

"सुरा. डुकराला चालंल आन रोज कमरंला बी ऱ्हाईल असा."

तिने गोणपाटातून एक सुरा काढला. वीतभर आणि वर चार बोटे, अंग काळे, धार तेवढी पांढरी. मोटारीच्या मोडक्या कमानपाट्याचे लोखंड आहे म्हणाली. ऐरणीवर वाजवून दाखवला, वाळलेली बाभळीची फांदी दोन घावांत तोडली, आणि तीच धार हातावर फिरवून लव काढून दाखवली. मग मूठ पुढे केली. पात्याचे लोखंड मुठीतून थेट शेवटापर्यंत गेलेले होते.

"हितं बगा. पातं आन मूठ येकच हाय. मानूस मोडंल, ह्यो न्हाय मोडायचा."

दादाने शेजारच्या बादलीत हात बुडवला आणि ओल्या हातानेच मूठ आवळून पाहिली. रक्ताने हात भरला की मूठ सुटते, म्हणून तो तसे करत होता, हे मला नंतर कळले. सुरा त्याला आवडला होता. त्याच्या चेहऱ्यावरून कोणालाही दिसले असते.

"काय म्हणतोस?" त्याने मला विचारले.

मला खळ्यावरचे वहिनीचे पाऊल दिसत होते. मी म्हणालो, "आधी दुकानात बघू या."

दुकानात मिटणारे चाकू होते. शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, आरशासारखे पाते. नखाने उचलायचे की टक् करून उघडे. माझा कोट आणि टोपी बघून दुकानदार म्हणाला, "कॉलेजात दिसता. मग तुम्हाला काय सांगायचं? विलायती पोलाद आहे." मला त्याचे बोलणे गोड लागले. मी चाकू चारदा उघडून मिटवला. हा गंजणार नाही, कमरेला लागणार नाही, घरात लहान मूल आहे, असे बरेच बोललो. "उघडं पातं कमरेला लावून हिंडायचे दिवस गेले, दादा," असेही म्हणालो. हे वाक्य आठवले की अजून कान तापतात.

दादाने पाते बोटांत धरून हलवून पाहिले. "जरा लचकतंय."

"नवीन आहे. बसेल," मी म्हणालो. खरे तर पोलादातले मला काही कळत नव्हते आणि चाकूतले त्याहून कमी. मला भीती न वाटेल असा चाकू मी शोधत होतो. दादाला काय काम करायचे आहे, हा विचार मी केलाच नाही.

परत जाताना त्या पालांवरूनच वाट होती. घिसाडणीने दादाला हटकले, "घेतलं व्हय खेळनं?"

दादाने हसत चाकू तिच्या हातात दिला. तिने तो उघडला, पात्याची पाठ ऐरणीच्या काठावर टेकवून मूठ दाबली. पाते कुरकुरत अर्धे मिटले.

"कांदा चिरा ह्यानं. डुकरात घालू नगा. मिटनारा चाकू कवा मिटायचं ते त्योच ठरीवतो."

"गिऱ्हाईक गेलं म्हून बोलतीया," तिचा नवरा म्हणाला.

"आवं बाई, आमचं पोरगं कालेजात हाय," दादा म्हणाला. "पुस्तकं वाचून घेतलाय त्यानं चाकू."

"मंग पुस्तकच घाला डुकराच्या अंगात!"

आजूबाजूची माणसे हसली, दादा सगळ्यांत जास्त. त्या वेळी मी एवढेच म्हणायला हवे होते, की दादा, तिचा सुरा घे. तोंड उघडले तर लोक आणखी हसतील म्हणून मी भ्यालो. "चल, उशीर होतोय," म्हणालो आणि पुढे चालायला लागलो.

चौथ्या दिवशी सकाळी फडाला जाळे लागले. मी काठी घेऊन बांधावर होतो. हाकाऱ्याचा आवाज जवळ येत गेला, ऊस हलला, आणि एक मोठा नर धडकन जाळ्यात आला. दोघांनी काठ्यांनी त्याला दाबून धरले. दादा गुडघ्यावर बसला, नखाने पाते उघडले आणि पुढच्या पायामागे चाकू मारला. डुकराने अंग पिळले. टोक चामड्यात अडकून राहिले, मूठ मात्र पुढे गेली, आणि दादा एकदम मागे बसला. तो ओरडला नाही, म्हणून कोणाला कळलेही नाही. कोणीतरी कुऱ्हाडीने डुकराला संपवले.

मी धावत गेलो. दादाची उजवी मूठ मिटलेली होती, तिच्यात चाकूही मिटलेला होता, आणि पात्याच्या आत त्याची बोटे होती.

"उघड," तो मला म्हणाला. "तुला ठावं हाय त्येचं."

दुकानदाराने दाखवले होते तसे मी नख घातले. रक्ताने नख घसरत होते. तीनदा घसरले. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. चौथ्या वेळी पाते उचलले गेले, आणि मधली दोन बोटे हाडापर्यंत गेलेली मला दिसली.

फेटा गुंडाळून दादाला गाडीत घातले. सडकेवर सर्व्हिस मोटार मिळाली आणि दुपारी आम्ही बारामतीच्या दवाखान्यात पोचलो. जखम धुताना डॉक्टर चिडले. "कुठला शहाणा मिटणारा चाकू घेऊन डुकरावर जातो?"

"माज्यासारखा," दादा म्हणाला.

मी शेजारी उभा होतो. 

टाके घातल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले. "तू शिकलेला दिसतोस म्हणून तुला सांगतो. जखमेत माती आणि जनावराचं रक्त गेलंय. सुई टोचली आहे, पण खात्री देत नाही. दोन आठवडे लक्ष ठेव. जबडा आखडला, मान आखडली, तर धनुर्वात. मग माझ्या हातात फारसं काही राहत नाही. घरी सांगून बायकांना घाबरवू नकोस."

म्हणजे हे मला एकट्यालाच माहीत होते. त्या दिवसापासून मी दादाच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो भाकरी चावताना बघायचो, बोलताना बघायचो. तो सावकाश चावायला लागला की मी हातातला घास ताटात ठेवायचो. एकदा तो निजलेला असताना मी त्याच्या हनुवटीला हात लावून पाहिला. तो जागा झाला.

"काय रं?"

"काही नाही. जरा तोंड उघड."

"घोडं इकत घेतुयास व्हय?" असे म्हणून त्याने एवढे मोठे तोंड उघडले, की वहिनी चुलीपाशी हसायला लागली. मीही हसलो. 

आठवा दिवस उजाडला आणि सुट्टी संपली. मी थांबतो म्हणालो. दादा ऐकेना. "हात माजा कापलाय, तुजा न्हाय. तू जा, परीक्षा हाय." त्याला पट्टी बदलायला बारामतीला जायचेच होते. तो दवाखान्यात जाऊन मला स्टेशनवर सोडायला आला. डॉक्टर निवांत दिसत होते का, काही बोलले का, असे मी त्याला खोदून विचारले. "पट्टी बांधली, दुसरं काय," म्हणाला. दौंडला जाणारी लहान रेल्वेगाडी सुटायला लागली. मी खिडकीत होतो, तो फलाटावरून बरोबर चालत होता, डाव्या हाताने खिडकीचा गज धरून.

"अभ्यास कर. आन खानावळीत पोटभर खात जा." मग त्याने डावा हात मानेवर ठेवला आणि सहज म्हणाला, "आज मान जरा आखडलीया. बैलगाडीच्या धक्क्यानं आसंल."

गाडीने वेग घेतला.  ती गाडी इतकी हळू चालते, की पहिल्या शंभर हातांत कोणीही उतरू शकतो. मी उतरलो नाही. पुढच्या स्टेशनवर उतरेन म्हणालो आणि तिथेही बसून राहिलो. दौंडला बारामतीकडे परत जाणारी गाडी समोर उभी होती. मी पेटी घेऊन तिच्याजवळ गेलो, दांड्याला हात लावला. परत जाऊन काय बघायला मिळेल, याची मला इतकी भीती वाटली, की मी वळलो आणि पुण्याच्या गाडीत बसलो. त्याचा जबडा आवळलेला मला बघवला नसता. मी तेव्हा स्वतःला सांगितले, की परीक्षा आहे.

पुण्याला पोचताच गावच्या मास्तरांना कार्ड टाकले, कारण घरी वाचणारे कोणी नव्हते. मान कशी आहे, तोंड उघडते का, एवढेच लिहिले. उत्तर आले नाही. वर्गात प्रोफेसर काय बोलत होते ते एक अक्षर आठवत नाही. वसतिगृहाच्या दारात टपालवाला दिसला की मी संडासाच्या बाजूला जाऊन उभा राहायचो आणि तो गेल्यावर खिडकीतली पत्रे बघायचो. नसले की सुटल्यासारखे वाटायचे, आणि त्या सुटण्याची लाज वाटायची. खानावळीत एकाला जांभई आली, तर मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. दुसरे कार्ड लिहिले आणि टाकले नाही. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी खिडकीत मास्तरांच्या अक्षरातले कार्ड होते. पत्त्याची बाजू वर होती. आमच्याकडे वाईट बातमीच्या पत्रावर वर श्री लिहीत नाहीत. ते उलटे करायला मला वेळ लागला. मागे दोघे-तिघे आपली पत्रे बघायला थांबले होते, त्यांतला एक म्हणाला, "अरे, घे की आणि हो बाजूला."

मी कार्ड उलटले. वर श्री होते. खाली मास्तरांनी लिहिले होते: "मी बहिणीच्या गावी गेलो होतो, कालच परतलो, म्हणून उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी. आपल्या बंधूंची मान तीन-चार दिवस धरली होती, आता मोकळी आहे. तोंड व्यवस्थित उघडते, जेवण जाते. डॉक्टरांच्या मते जिवाचा धोका टळला. मात्र जखम चिघळल्यामुळे उजव्या हाताची मधली दोन बोटे गेल्या सोमवारी काढावी लागली. धार हल्ली वहिनी काढतात."