रेवाचं शिफारसपत्र

दिवाळीला जयपूरला जायचं तिकीट काढून ठेवलं होतं. त्याआधीच बाबांचा फोन आला आणि ते नुसतं "रेवा..." म्हणून थांबले. डेंग्यूने प्लेटलेट्स उतरताहेत हे माहीत होतं. पण धाकटी बहीण अशी जाते, हे डोक्यात शिरेना. महिना उलटून गेला, अजूनही शिरलेलं नाही.

बाबा विमा कंपनीत. साताऱ्याहून जयपूरला, झालान्याच्या ऑफिसात बदली झाली आणि आम्ही खातीपुऱ्यात राहिलो ते राहिलोच. रेवा तिथेच वाढली. एरवी मराठी बोलताना अडखळायची, भांडताना मात्र एकदम अस्खलित! एम.ए.ला राजकीय सिद्धांत शिकताना तिला एका प्रश्नाने झपाटलं. माणसं हुकूम मानतात ती भीतीने, की सवयीने? त्यावर परदेशात पीएच.डी. करायची म्हणून दर हिवाळ्यात ती अर्ज करायची. चारदीवारीतून, म्हणजे जुन्या शहरातून, ऑटोने घरी येतानाही अर्जातली वाक्यं पुटपुटायची आणि ऑटोवाले भैया वळून वळून बघायचे. होळीच्या सुमारास नकार यायला लागत. "आलं," एवढंच म्हणून ती लॅपटॉप मिटायची.

गेल्या खेपेला तिने मला शिफारसपत्रं दाखवली. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. शिफारस मागायला गेलं की सर म्हणतात, "बेटा, ड्राफ्ट आप ही बना दो, मैं भेज दूँगा।" सगळ्या सरांची पत्रं रेवानेच लिहिलेली. आणि काय लिहिलं होतं? विद्यार्थिनी वर्गात नियमित असते. काम वेळेवर देते. आज्ञाधारक आहे.

"आज्ञाधारक? तू?" मी ओरडलेच. "बाबांना वाद घालून गप्प करणारी तू?"

"मतलब ताई, मीच मला हुशार कसं म्हणू? लाज वाटते गं."

स्वतःची टिमकी वाजवायची नाही, हे आईने आम्हाला वरणभाताबरोबरच भरवलेलं. जिचा सगळा अभ्यास हुकूम मानण्यावर, तिला आपण कुणाचा हुकूम मानतोय हे दिसलं नाही. मला राग येतो. सरांचा, आईचा, तिचासुद्धा. त्या विद्यापीठांनी नाकारली ती रेवा नव्हतीच, कुणीतरी वेळेवर येणारी मुलगी होती. पण रेवाला वाटत राहिलं, आपलंच डोकं कमी पडतं. असं वाटत असतानाच ती गेली... याला आता काहीही इलाज नाही.

या दिवाळीत मी तिच्या शेजारी बसून पत्र लिहून काढणार होते. सर फक्त सही करणार होते. "ये तर खरी, मग बघू," म्हणाली होती.

तिला कौतुक सोसायचंच नाही. कुणी सुरुवात केली की ती "चहा टाकते" म्हणत उठायची. पाहुणे हसायचे, विषय बदलायचा.

तेराव्याला बाहेरची खोली भरली होती. तिच्या सरांपैकी एक आले होते. "ऐसी स्टूडेंट मुझे दोबारा नहीं मिली," ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. हेच वाक्य तर हवं होतं, सर! मग शेजारच्या काकू बोलल्या, तिच्या मैत्रिणी बोलल्या, एकामागून एक सगळे तिला हुशार म्हणत गेले. आईने सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. मीही पाहिलं. आत भांडं वाजलं नाही. इकडे कौतुक चालूच राहिलं, आणि ते थांबवायला कुणी उठलं नाही.